सीलबंद महालक्ष्म्या

मालगाडीच्या डब्याला मारलेलं सील ही माणसाच्या हातून घडलेल्या मोजक्या सुंदर गोष्टींपैकी एक आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. हे मत आमच्या घरात कुणालाच पटत नाही, पण घरात माझी इतरही बरीच मतं कुणाला पटत नाहीत, तेव्हा ते सोडून देऊ.

शिशाचा एवढासा गोळा, त्यातून ओवलेली तार आणि पकडीने दाबून उमटवलेली अक्षरं. बस. आमच्या हैदराबादच्या सनतनगरला डब्याला सील मारलं की तो डबा नागपूरला जावो नाहीतर थेट गुवाहाटीला जावो. वाटेत रेल्वे बदलते, भाषा बदलते, स्टेशनमास्तरांचे स्वभाव बदलतात, पण मधेच कुणी डबा उघडून "बघू बघू, आत काय आहे" असं करत नाही. सील शाबूत तर माल शाबूत. एकाने तपासलं ते बाकीच्यांनी मानायचं. मी याला सभ्यता म्हणतो. रेल्वेच्या नुकसानभरपाई खात्यात मी ही सभ्यता जन्मभर सांभाळली, आणि निवृत्तीच्या समारंभात सहकाऱ्यांनी मला शाल, नारळ आणि दात झिजलेली एक जुनी सीलची पक्कड भेट दिली. शाल कुठे आहे ते मला ठाऊक नाही. पक्कड मात्र माझ्या उशाशी असते.

तर गोष्ट नव्व्याण्णव सालची. आमचा हर्षवर्धन तेव्हा शिकागोला होता. नवीन शतक लागताच जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, अशी तेव्हा आवई उठली होती आणि ते बंद पडू नयेत म्हणून हैदराबादची निम्मी पोरं अमेरिकेत गेली होती. एका रविवारी त्याच्या बायकोचा, तेजश्रीचा फोन आला. "आई, यंदा महालक्ष्म्या इकडे आणाल का? मला त्या माझ्या घरी बसवायच्यात."

पद्मावती, म्हणजे आमची सौभाग्यवती, फोन हातात धरून तशीच उभी राहिली. तिचे गुडघे दोन वर्षांपासून बोलायला लागले होते आणि आपल्यानंतर महालक्ष्म्यांचं कोण करणार, हा घोर तिला लागलेला होता. आता सून आपण होऊन मागत होती! तेजश्री पुढे म्हणाली, "पण आई, इथे सवाष्णी कुठून आणायच्या? पाचजणींनी कुंकू लावायचं असतं ना? आमच्या गावात आपली दोनच घरं. त्यातली एक बाळंतपणाला माहेरी गेलीय, दुसरीशी माझं बोलणं नाही."

"सवाष्णींचं बघू गं," पद्मावती डोळे पुसत म्हणाली, "आधी त्या तर येऊ दे."

आमच्या महालक्ष्म्या म्हणजे दोन पितळी मुखवटे. थोरली आणि धाकटी. नाकात नथ, कानात बुगड्या, आणि मागच्या पोकळीत गव्हाची पुरचुंडी, कारण लक्ष्मी रिकामी ठेवायची नसते. वर्षभर त्या लाल खणात चेहरा झाकून असतात. आमच्या घरची रीत अशी, की खण थेट उंबऱ्यावर उघडायचा. चेहरा उघडला की त्या आल्या. आलेल्यांना विचारपूस करायची, हळदकुंकू लावायचं, तोंड गोड करायचं. कोरड्या कपाळाने त्यांना परत झाकायचं नाही.

"तेजूच्या उंबऱ्यावरच त्यांचा चेहरा उघडला पाहिजे," पद्मावती म्हणाली. "वाटेत कुणी उघडलं तर तिच्या घरी त्या काय शिळ्या पावलांनी जाणार?"

"वाटेत कुणीही उघडणार नाही," मी म्हणालो. "ही माझी जबाबदारी."

बोलून गेलो. माणूस निवृत्त झाला की जबाबदारी हा शब्द फार वापरतो.

तिकिटं काढायला मी आबिड्सला किशोरच्या ऑफिसात गेलो. किशोर आमच्याच नात्यातला, सगळ्या हैदराबादला परदेशी पाठवून स्वतः कधी मुंबईपलीकडे न गेलेला. त्याने हिशेब सांगितला. "काका, बेगमपेठच्या विमानतळावर मशीनमधून जाणार. मग विमानाच्या शिडीखाली परत बघतात. मुंबईला आंतरराष्ट्रीयमध्ये परत. फ्रँकफुर्टला परत. शिकागोला कस्टमवाले आहेतच."

"अरे पण बेगमपेठला एकदा पाहिलं ना?"

"पाहिलं ना. पण ते यांनी. त्यांनी कुठे पाहिलं?"

मी सुन्न झालो. माणूस चंद्रावर जाऊन आला आणि विमानखात्याला अजून सील ठाऊक नाही! त्या दिवसापासून मी एक योजना हाती घेतली. एका देशाने तपासलेलं सामान दुसऱ्या देशाने मानावं, म्हणजे वेळ, पैसा आणि महालक्ष्म्या, तिन्ही वाचतील. तारनाक्याच्या आमच्या सोसायटीत ही योजना ऐकून घेणारा एकच माणूस होता, शेजारचे अप्पाराव. तेही रेल्वेचेच. त्यांनी ती पूर्ण ऐकली, दोनदा चहा प्यायले आणि म्हणाले, "भगवंतराव गारू, तुम फिकर नक्को करो. मेरे साडू का भांजा बेगमपेठ में है. सीधा बड़े साब से मिला देता."

साडूचा भाचा निघाला विमानतळाच्या कँटीनमध्ये. पण त्याने खरंच एका साहेबांची गाठ घालून दिली. साहेब भला माणूस होता. मी सीलची पद्धत त्याला सनतनगरपासून गुवाहाटीपर्यंत समजावून सांगितली. तो म्हणाला, "आयडिया अच्छा है जी. इस पे बाहर मुल्कों में बड़ी-बड़ी मीटिंगां होतीं. एक मुल्क दूसरे का चेकिंग मानना, ऐसा सब."

"मग?"

"मीटिंग में आने वालों का भी दरवाजे पे चेकिंग होता."

तरीही मी हरलो नाही. चुडी बाजारातल्या एका डबेवाल्याकडून पत्र्याची मजबूत पेटी करून घेतली, तिला कडीकोयंडा लावला, आणि निघायच्या दिवशी अप्पारावांच्या साक्षीने तार ओवून, शिसं घालून, माझ्या त्या पकडीने सील मारलं. सील असं उठलं की अप्पारावांनी नुसता हात फिरवला आणि म्हणाले, "नौकरी की याद आ गई." पद्मावतीला मात्र भरवसा वाटत नव्हता. तिने पर्समध्ये कुंकवाचा करंडा, हळदीची डबी आणि साखरेची पुडी ठेवली. मी म्हणालो, "हे कशाला?" ती म्हणाली, "असू द्या."

बेगमपेठला पेटी मशीनमध्ये गेली आणि तिथेच राहिली. पडद्यापुढे बसलेला तरुण शिपाई आधी पडद्याकडे वाकला, मग आमच्याकडे वळला, मग परत पडद्याकडे वाकला.

"साब," तो ओरडला, "डब्बे में दो मुंडियां दिखरे!"

"किसकी?" त्याच्या वरच्या, दुसऱ्याच एका साहेबाने विचारलं.

"औरतां की, साब. नाक में नथ भी है."

रांगेतली माणसं दोन पावलं मागे सरली. जन्मात मला कधी कुणी साध्या तिकिटासाठीसुद्धा हटकलेलं नाही, आणि इथे मी दोन बायकांची शिरं घेऊन शिकागोला निघालेला इसम ठरलो होतो. मी शक्य तितक्या भारदस्त आवाजात सांगितलं, की पेटी उघडता येणार नाही, ती सीलबंद आहे.

"किसका सील?"

"हमारा."

"हमारा बोले तो? सरकार का?"

"रिटायर्ड सरकार का."

साहेबाने सील चिमटीत धरून पाहिलं. "मियां, शिसे का गोला लगाए तो मशीन को दिखताच नहीं ना पीछे क्या है. सील नहीं लगाते तो शायद इतना शक भी नहीं आता." आणि त्याने ते कापलं. वर माझ्या पिशवीतली पक्कड काढून घेतली. हत्यार विमानात चालत नाही म्हणे. माझी पक्कड, हत्यार! काचेपलीकडे अप्पाराव निरोप द्यायला उभे होते, त्यांच्या हाती ती देण्यात आली. त्यांना वाटलं सगळं बिनबोभाट पार पडलं, म्हणून त्यांनी तीच पक्कड उंचावून मला निरोप दिला.

खण उघडायला एक बाई शिपाई पुढे आली. खण बाजूला झाला आणि थोरलीने डोळे उघडावेत तशी ती पितळी मुद्रा दिव्याखाली झळकली. बाईचा हात जागच्या जागी थांबला. "अय्यो, अम्मवारु!" ती म्हणाली आणि तिथल्या तिथे तिने पायातले बूट काढले. "वरलक्ष्मी का मुखं है ना अम्मा? हमारे घर में भी है, चांदी का."

पद्मावतीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण रीत ती रीत. तिने करंडा काढला. "आता उघडलंच आहेस तर लाव बाई कुंकू. दोघींना." मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "अहो, कोण आलं?"

सुरक्षाखात्याच्या डोळ्यांदेखत, हातात बोर्डिंग कार्ड धरून, मी म्हणालो, "महालक्ष्मी आल्या."

"कशाच्या पावलांनी आल्या?"

"सोन्याच्या पावलांनी आल्या."

इथे घरी ताट वाजवायची पद्धत आहे. मला वाटलं, निदान ते तरी टळलं. पण पडद्यापुढच्या त्या तरुण शिपायाने, काय वाटलं कोण जाणे, लोकांनी खिशातली नाणी ठेवायची स्टीलची थाळी उचलली आणि पेनाने टणटण वाजवली. मागच्या सुटाबुटातल्या गृहस्थाने घाबरून विचारलं, की विमान रद्द झालं का.

आता एवढं झाल्यावर शिडीखाली तरी पुन्हा उघडू नये की नाही? उघडलं. तिथे विमान कंपनीची एक मुलगी उभी होती. मी म्हणालो, "अहो, आत पोलिसांनी पाहिलंय." ती म्हणाली, "अंकल, वह पुलिस है, हम एअरलाइन हैं." वाऱ्याने खण उडाला, महालक्ष्म्या आल्या. पद्मावतीने विचारलं, लग्न झालंय का. "पिछले महीने, आंटी." मग तिच्या हातून कुंकू, आमच्या हातून साखर. वैमानिक वरच्या खिडकीतून बघत होता. त्यालाही साखर पाठवावी, असं पद्मावतीचं म्हणणं पडलं, ते मी हाणून पाडलं.

मुंबईला मी आशा धरून होतो, कारण इथे आपलीच माणसं. तीच चूक. तपासणीवरची बाई मालवणकडची. तिने खण उघडला आणि ती म्हणाली, "ह्या गौरी?"

"महालक्ष्म्या," पद्मावती म्हणाली.

"आमच्याकडे गौरी म्हणतात. तेरड्याच्या असतात. पितळेच्या कुठे असतात?"

"आमच्याकडे असतात."

"आणि दोन कशाला?"

"बहिणी आहेत."

हा वाद बराच लांबला असता, पण मी मधे पडलो आणि चुकीच्या वेळी सीलची पद्धत समजावू लागलो. "बाई, हैदराबादने ह्या दोनदा पाहिल्यात. एकाने पाहिलं ते दुसऱ्याने मानलं तर..." ती म्हणाली, "हैदराबादने पाहिलं ते हैदराबादने. उद्या काय झालं तर तुमचं हैदराबाद येणारे उत्तर द्यायला?" मग तिने थोरलीच्या कपाळाकडे निरखून पाहिलं. "ह्यांना आधीच दोघींनी लावलेलं दिसतंय." आणि करंडा स्वतःच पुढे ओढून तिने नीट, गोल, ठसठशीत कुंकू लावलं. आपलं कुंकू आधीच्या दोघींपेक्षा चांगलं उठलंय, हेही ती सांगायला विसरली नाही.

विमानात जेवण आलं, ते पद्मावतीने परत पाठवलं. मग म्हणाली, "तीनदा आल्या हो. किती वेळा यायचं त्यांनी? माझ्या सुनेच्या उंबऱ्यावर आता काय उरलं?"

मला फार वाईट वाटलं. जन्मभर लोकांचा माल शाबूत पोचवला आणि बायकोच्या दोन महालक्ष्म्या मला शाबूत नेता येईनात. मी तिचा हात धरला. हवाई सुंदरीला वाटलं आम्ही विमानाला घाबरतोय, तिने आणखी एक पांघरूण आणून दिलं.

फ्रँकफुर्टला तपासणीवर एक थोराड बाई होती, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि चेहऱ्यावर सासूबाईंचा करडेपणा. तिने खणाला हात घातला आणि मी माझ्या इंग्रजीचा कस लावला. म्हटलं, मॅडम, दोन बहिणी आहेत, पहिल्यांदाच सुनेकडे चालल्यात, तोंड पाहू नये. तिने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ती टेलिफोनकडे वळणार, तोच पद्मावती पुढे झाली.

पद्मावती उभ्या जन्मात परक्या देशातल्या माणसाशी एक शब्द बोललेली नव्हती. ती सरळ मराठीत बोलली. "हे बघा बाई, असं." तिने पदर पुढे ओढून स्वतःचा चेहरा झाकला. झाकल्या चेहऱ्याने चार पावलं चालली. मग हाताने हवेत एक दार काढलं, त्याच्या उंबऱ्यावर थांबली, आणि तिथे, फक्त तिथे, पदर वर केला. आणि हसली. त्या हवेतल्या दारापलीकडे जणू तेजूच उभी होती.

जर्मन बाई बघत राहिली. मग तिने हातमोजे चढवले, मान पलीकडे वळवली, डोळे गच्च मिटले आणि हात खणाखाली घातला. नाक चाचपलं, कान चाचपले, मागची पोकळी, गव्हाची पुरचुंडी, सगळं डोळे मिटून. मग धाकटीचंही तसंच. "ओके," ती म्हणाली.

मला तर तिला सॅल्यूट ठोकावासा वाटला. पद्मावतीला मात्र वेगळंच सुचलं. "तिने एवढं केलं, तिला कुंकू न लावू देता कसं पाठवायचं? अहो, विचारा तिला, नवरा आहे का."

"अगं, हे विमानतळ आहे!"

"विचारा म्हणते ना."

मी विचारलं. "मॅडम, हजबंड?" दोन शिपाई वळून बघायला लागले. बाईने मात्र शांतपणे सांगितलं, की आहे, घरी आहे, कुत्र्याला सांभाळतोय. मी भाषांतर केलं. पद्मावती समाधानाने म्हणाली, "सवाष्ण आहे." आणि तिने करंडा पुढे धरून खुणेने सगळं समजावलं. बाईने हातमोजा काढला, बोट कुंकवात बुडवलं, पुन्हा मान वळवून डोळे मिटले आणि खणाखालून अंदाजाने एकीला टेकवलं, मग दुसरीला. पद्मावतीने तिच्या तळहातावर साखर ठेवली. ती तिने पटकन तोंडात टाकली.

आणि त्यानंतर त्या बाईने जे केलं, त्याने माझा जन्म सार्थकी लागला. तिने पेटीला आपल्या खात्याची रुंद चिकटपट्टी गुंडाळली, तिच्यावर सही ठोकली आणि फोन उचलून पुढच्या दारावरच्या माणसाला काहीतरी सांगितलं. आम्ही तिथे पोचलो, त्याने पट्टी पाहिली, सही पाहिली, आणि पेटीला हात न लावता आम्हाला आत सोडलं.

"सील!" मी ओरडलो. "पद्मा, सील मानलं!"

"हळू," ती म्हणाली. पण तीही हसत होती.

शिकागोला कस्टमवाल्याने धान्य आहे का विचारलं, आणि खोटं बोलायचं नाही म्हणून मी गव्हाचं सांगून टाकलं. गहू देशात चालत नाहीत म्हणे. पेटी उघडणं आलं. पण आता पद्मावती तयार होती. फ्रँकफुर्टच्या बाईने केलं तसं तिने त्याला स्वतः करून दाखवलं: मान अशी वळवायची, डोळे असे मिटायचे, हात मागून घालायचा. तो सहा फुटी गडी मुकाट्याने डोळे मिटून उभा राहिला आणि मागून पुरचुंड्या काढून त्याने बादलीत टाकल्या. चेहऱ्यावरचा खण जागचा हलला नाही. गहू तेवढे अमेरिकेने ठेवून घेतले.

तेजश्रीने घराच्या दारात तांदळाच्या पिठाची पावलं काढली होती. हर्षवर्धन हातात ताट आणि पळी घेऊन उभा होता. पद्मावतीने मुखवटे छातीशी धरले आणि उंबऱ्याबाहेर थबकली. तिचा चेहरा उतरलेला मला दिसत होता.

"कोण आलं?" तेजश्रीने विचारलं.

"महालक्ष्मी आल्या," पद्मावती म्हणाली, पण आवाज बसलेला होता. "तेजू, आधीच सांगते. वाटेत उघडल्या गं. तीनदा उघडल्या. मला राखता नाही आलं."

तेजश्रीने खण बाजूला केला. बघतच राहिली. थोरलीच्या कपाळावर कुंकवाचे थरावर थर, धाकटीच्याही तसेच, आणि दोघींच्या नाकाच्या शेंड्यावर, नथीच्या वर, एकेक लालभडक ठिपका.

"आई, हे कुणी लावलं?"

पद्मावती दबकत सांगू लागली. बेगमपेठची, बूट काढून. शिडीखालची, नवी नवरी. मुंबईची, भांडकुदळ पण हात चांगला. "आणि नाकावरचं?" फ्रँकफुर्टची, डोळे मिटून लावलं, तिचा नवरा कुत्रा सांभाळतो.

तेजश्रीने बोटांवर मोजलं आणि एकदम पद्मावतीच्या गळ्यात पडली. "आई, चौघी झाल्या! मी महिनाभर रडत होते, पाच सवाष्णी कुठून आणू म्हणून. तुम्ही चौघींना घेऊन आलात. पाचवी मी."

तिने पाचवं कुंकू लावलं. हर्षवर्धनने ताट असं बडवलं की शेजारचा अमेरिकन बाहेर आला, आणि त्यालाही साखर मिळाली. पद्मावती उंबऱ्यावर बसून रडत होती, हसत होती, काय करत होती तिचं तिलाच कळत नव्हतं. तेजू नाकावरचं कुंकू पुसायला गेली तर तिने हात धरला. "राहू दे. तिने न बघता लावलंय."

परत आल्यावर अप्पारावांनी माझी पक्कड मला समारंभपूर्वक परत केली आणि विचारलं, की ते एका देशाचं तपासलेलं दुसऱ्याने मानायचं प्रकरण दिल्लीला कधी कळवायचं. मी म्हणालो, राहू द्या. बेगमपेठचंच सगळ्यांनी मानलं असतं, तर आमच्या महालक्ष्म्या शिकागोला एकाच कुंकवाने पोचल्या असत्या.

तेव्हापासून दरवर्षी तेजश्री दोघींना कपाळावर कुंकू लावते, आणि मग मान वळवून, डोळे मिटून, एकेक बोट नाकावरही लावते. कुणी विचारलं तर सांगते, ही आमच्या घरची रीत आहे.